अळणी घरातली जैतूनभाभी

गफूरभाई बाजारातून आले की जैतूनभाभी आधी त्यांची बोटं हुंगायची. मग मिशा. मग सदऱ्याचा खिसा उलटा करून त्यातला कचरा चिमटीत धरायची आणि जिभेच्या टोकाला लावून बघायची. खारे शेंगदाणे खाल्ले असले तर तिला एवढ्यावर कळायचं. हे सगळं दारातच चालायचं. येणारे-जाणारे बघतात याची तिला लाज नव्हती. गफूरभाई काठीवर भार टाकून, मान वर करून उभे राहायचे, न्हाव्यापुढं बसल्यासारखे.

"पोलीस परवडला, अक्का," ते माझ्याकडं बघून म्हणायचे. "त्यो कोपऱ्यावरनं तरी सोडतोय."

"पोलिसाला काय पडलंय तुमचं?" भाभी म्हणायची. "तुमी पडला तर उचलायचं मला हाय."

रहिमतपुरात आमची दोन घरं एका भिंतीची. मी म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. लग्न होऊन इथं आले तेव्हा भाभी शेजारी होतीच. गफूरभाईंचा गाद्यांचा धंदा होता. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, टाके घालायचे. त्यांच्या भुवयांवर कायम कापूस असायचा. खाण्याचे मोठे शौकीन. ताटात भाकरीच्या आधी मीठ वाढून घ्यायचे. कैरी असो, पेरू असो, काकडी असो, मिठाशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. सुकं बोंबील, खारवलेली मिरची, बाजारची शेव, सगळं एकाच जेवणात. भाभी तेव्हा हसून वाढायची. तिच्या हाताला चव होती. ईदच्या दिवशी तिच्या घरच्या पातेल्याचं झाकण निघालं की वास आमच्या घरात यायचा.

एका सकाळी गादीवर टाका घालताना गफूरभाईंच्या हातातली सुई गळली. त्यांनी ती उचलायला हात पुढं केला, तर हात पुढं जाईना. उजवी बाजू गेली होती. साताऱ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ते काठी टेकत घरी आले. हात काही सुधारला नाही, आवाजही बसकाच राहिला. गाद्या बंद झाल्या. दुकानाची जागा पुतण्याकडं गेली, त्यानं तिथं मोबाइलचं टाकलं. लेक शाहीन सांगलीत दिलेली. घरात ही दोघंच.

डॉक्टरनं निघताना भाभीला समोर बसवून सांगितलं होतं. रक्तदाब फार वाढला होता म्हणून हे झालं. आता गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि मीठ कमी करायचं. मिठात सोडियम असतं, ते अंगात जास्त झालं की पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचा जोर वाढतो. पुन्हा असा झटका आला तर उठणं अवघड आहे.

भाभीनं एवढ्या सगळ्यातलं शेवटचं वाक्य धरलं. घरी आली आणि मिठाची बरणी माझ्या ओट्यावर आणून ठेवली.

"ठेवा तुमच्यात."

"आणि तू काय खाणार?"

"जे ते खातील ते."

त्या दिवसापासून त्या घरात अळणी शिजायला लागलं. आमटी अळणी, भाजी अळणी, भाकरीच्या पिठात चिमूट नाही. कमी नाही, अजिबात नाही. गफूरभाई घास तोंडात घोळवत बसायचे. गिळायचा की टाकायचा हे त्यांना ठरवता यायचं नाही. भाभी समोर बसून बघायची. ती आधी धीट बाई होती. गल्लीत साप निघाला तर तिला हाक मारायचे. पण त्या झटक्यानंतर तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या तोंडावर. ते झोपले तर ओठ वाकडा झालाय का बघायची. शिंकले तर उठून यायची. दार वाजलं तरी दचकायची. बोलताना आपलं बोलणं अर्धं सोडून म्हणायची, "थांबा, आवाज का न्हाई त्यांचा?"

मग उन्हाळा आला. रहिमतपूरचा उन्हाळा म्हणजे पत्र्याखाली माणूस शिजतं. गफूरभाईंना लघवी जास्त होणारी एक गोळी चालू होती, वर घाम, वर पोटात मिठाचा कण नाही. हळूहळू ते गप्प झाले. दिवसभर झोपायचे. एका दुपारी त्यांनी भाभीला आईच्या नावानं हाक मारली आणि गाद्या भरल्या का विचारलं. भाभी धावत माझ्याकडं आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"अक्का, दुसरा आला. दुसरा झटका आला."

आम्ही दोघी त्यांना घेऊन साताऱ्याला गेलो. शाहीन सांगलीहून थेट तिथं आली. रक्त तपासलं. तोच डॉक्टर होता, तरुण, चष्मेवाला. म्हणाला, "झटका नाही. सोडियम खूप उतरलंय. काय खायला देताय?"

भाभीनं अभिमानानं सांगितलं, "मिठाचा खडाबी घरात ठिवला न्हाई."

डॉक्टरनं डोक्याला हात लावला. "मावशी, मी कमी करा म्हणालो होतो. बंद करा म्हणालो नव्हतो. शरीराला ते लागतं. मेंदूला लागतं, स्नायूंना लागतं. अगदी नाही मिळालं तर माणूस असाच भ्रमिष्ट होतो."

मेंढराला मीठ नाही मिळालं तर ते भिंत चाटतं, हे मी लहानपणी बघितलेलं. माणसाचं असं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांना बाटली लावली. भाभी बाटलीकडं बघत बसली. थोड्या वेळानं तिनं नर्सला विचारलं, "ह्यात काय हाय, बाई?"

"सलाइन. म्हणजे मिठाचं पाणी."

भाभी उठली आणि नळीला हात घातला. मी तिचा हात धरला, शाहीननं दुसरा धरला. नर्स ओरडायला लागली. "आवं, मीठ घालताय व्हय नुसतं शिरंत?" भाभी म्हणत होती. "तोंडानं द्यायला भ्या वाटतंय मला आणि तुमी नळीनं घालताय?" शाहीननं तिला बाहेर नेऊन बसवलं. डॉक्टरनं बाहेर येऊन समजावलं, की मीठ एकदम वाढवणारच नाही, हळूहळू वाढवणार, दर थोड्या वेळानं तपासणार. घाई केली तर तीही मेंदूला बाधते. हे ऐकून भाभी आणखी घाबरली. म्हणजे जास्तीची भीती, कमीची भीती आणि मधे घाईची भीती.

घरी आली ती हे ओझं घेऊन. डॉक्टरनं माप सांगितलं होतं: एका माणसाला दिवसाचं सगळं मिळून एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी. आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी, सुकी मासळी सगळं धरायचं. खायचा सोडा आणि पापडखारही धरायचा, कारण सोडियम त्यातही असतं. भाभी सकाळी चमचाभर मीठ घ्यायची, वरचं बोटानं सपाट करायची, आणखी थोडं काढून टाकायची आणि उरलेलं एका डबीत ठेवायची. दिवसभराचं दोघांचं तेवढ्यात. घालताना पुटपुटायची, "हळू घाल, पुन्हा काढता येत न्हाई." हे वाक्य ती मिठालाच नाही, कशालाही लावायला लागली. सून आणायची घाई करणाऱ्या बाईला, गाडी जोरात नेणाऱ्या पोराला, सगळ्यांना.

पण तिच्या मनातून भीती गेली नाही. एखाद्या दिवशी चुकून जास्त पडलं तर? तिला असं मीठ हवं होतं, जे चवीला मीठ आहे आणि अंगाला मीठ नाही. आणि ते तिला आमच्याच गल्लीत सापडलं.

पलीकडच्या कमळला उपास फार. भाभी तिच्या ओट्यावर बसली होती, मी शेंगा फोडत होते.

"कमळे, तुमच्या उपासाला मीठ चालत न्हाई ना?"

"न्हाई."

"मग खिचडीत काय घालता? मागं दिलतीस तवा खारट लागली."

"शेंदेलोण. सैंधव म्हनत्यात बघ. ते चालतंय."

"ते मीठ न्हवं?"

"न्हवं तर. मीठ असतं तर उपास मोडला नसता का?"

यात खोट काढावी असं कोणालाच वाटलं नाही. आमच्या सगळ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तसंच चाललेलं. देवाला चालतं म्हणजे ते मीठ नव्हे. भाभी निश्चिंत होऊन उठली, वाण्याकडून गुलाबी खडे आणले, खलबत्त्यात कुटले आणि घालायला लागली. मापाशिवाय. गफूरभाईंच्या तोंडावर कळा आली. घरातून त्यांच्या हसण्याचा आवाज यायला लागला. भाभी मला म्हणाली, "तुमच्या देवाचं लय उपकार झालं बघा, अक्का." तो महिना तिनं जरा बरा काढला असेल.

महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यातली नर्सताई गल्लीत यायची. तिनं गफूरभाईंच्या दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग विचारलं, "चाचा, काय खाताय?"

भाभीनं मोठ्या खुशीनं गुलाबी भुकटी दाखवली.

नर्सताई खाली बसली. "चाची, हे मीठच आहे. रंग वेगळा. सोडियम यातही तेवढंच, थोडं इकडं तिकडं."

"उपासाला चालतंय ते."

"उपासाला चालत असेल. रक्तदाबाला नाही चालत."

भाभीनं कमळच्या घराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. भांडली नाही. भुकटी घेऊन मोरीत गेली आणि पाणी सोडलं. त्या रात्री ती झोपली नाही, असं गफूरभाई म्हणाले. "माझ्या नाकाम्होरं बोट धरून बसलीती. मी म्हनलं, मेलो न्हाई अजून, बोट काढ, शिंक येतीया."

नर्सताई त्या दिवशी निघताना म्हणाली होती, "चाची, तुमचाही हात द्या, बघते."

"माझ्या हाताला काय झालंय?" भाभी म्हणाली. "बसून खाणाऱ्याला हुतंय ते. मी राबती." आणि पट्टा गुंडाळून तिच्या पिशवीत घालून दिला. पुढंही दर वेळी हेच.

उंब्रजला गफूरभाईंच्या चुलत्याच्या नातीचं लग्न होतं. मलाही नेलं होतं. भाभीनं डबा घेतला होता, पण गफूरभाई डब्याला हात लावीनात. म्हणाले, "आज एक दिवस माणसांत जेवू दे." ते जाऊन पंगतीत बसले. ताटात मटण आलं. भाभी बायकांच्या बाजूनं उठली, पाण्याचा पेला घेऊन सगळ्या पुरुषांमधून सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि एकेक फोड उचलून पेल्यातल्या पाण्यात धुवायला लागली. धुतली की ताटात. रस्सा बाजूला.

यजमान आला. म्हातारा माणूस, फेटा बांधलेला. "जैतून, आमच्या अन्नात काय इख हाय काय?"

"न्हाई, चाचा. चव लय हाय," ती म्हणाली. "तीच काढती."

कोणी हसलं, कोणी नाही. गफूरभाईंचे कान लाल झाले. त्यांनी सगळ्या फोडी खाल्ल्या आणि परत येताना गाडीत तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र खिडकीतून बाहेर बघत मला हळूच म्हणाली, "रुसू दे. रुसलेला माणूस जिता असतोय."

लग्नातलं असं हातघाईवर येऊन निभावता येतं. गल्लीतलं नाही. आमच्याकडं घराघरांतून ताट जातं. कुणाचं दिवाळीचं फराळ, कुणाच्या कुरडया-पापड, कुणाचा नवा खर्डा, नवं लोणचं. ताट आलं की घ्यायचं, रिकामं परत पाठवायचं नाही आणि त्यातलं टाकायचं तर नाहीच. टाकलेलं शेजाऱ्याला कळतं, कारण उकिरडा सगळ्यांचा एकच. मुसलमानाच्या घरी आमची ताटं जातात, त्यांची आमच्याकडं येतात, हे या गल्लीनं बाहेर काहीही चाललेलं असताना टिकवलेलं. भाभीला ते मोडायचं नव्हतं. "एकदा नको म्हनलं की ताट थांबतंय," ती म्हणायची. "ताट थांबलं की बोलणं थांबतंय."

मग त्या चकल्या, ते पापड, तो खर्डा जायचा कुठं? हे कुणी विचारलं नाही. आम्ही धरून चाललो की लेकीकडं जात असेल.

मला ते योगायोगानं दिसलं. दुपारी मी तिच्याकडं वाटी परत द्यायला गेले. गफूरभाई पुढच्या खोलीत झोपलेले. ती मागं चुलीपाशी, दाराकडं पाठ करून बसलेली. पुढं ताट. त्यात कमळच्या घरचा चिवडा, माझ्या घरचं लिंबाचं लोणचं, आणि कुणाच्या तरी तळलेल्या मिरच्या. ती खात होती. आवडीनं खाणाऱ्याचं खाणं वेगळं असतं. ही औषध घेतल्यासारखी घास भरत होती, वर पाणी पीत होती. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं.

"हे काय, भाभी?"

ती दचकली. मग तोंडावर बोट ठेवलं. "त्यांना वास जाईल."

"अगं पण एवढं?"

"घरात ऱ्हायलं तर हात घालत्यात. टाकू कसं? तुमच्या हातचं हाय."

"डोकं कशानं धरलंय?"

"उनानं."

तेव्हा थंडीचे दिवस होते. मी म्हणाले, "पुढच्या वेळी नर्सला हात दाखीव." ती म्हणाली, "दाखवीन की." मी वाटी ठेवून आले.

त्यानंतरच्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, पत्र्यावर काठी बडवल्याचा आवाज आला. गफूरभाईंना ओरडता येत नाही, झटक्यानं आवाज बसलेला. मी गेले. भाभी चुलीपाशी कलंडली होती. ओठ डावीकडं ओढलेला. मला बघून काहीतरी म्हणाली, त्यातला एकही शब्द लागला नाही. शेजारी फराळाची ताटं, काही रिकामी, काही अर्धी. गफूरभाई दारात उभे होते, त्यांना खाली वाकता येत नव्हतं.

साताऱ्याला तोच डॉक्टर. त्यानं आधी गफूरभाईंकडं बघितलं. त्याला वाटलं त्यांनाच आणलंय. मग खाटेकडं बघितलं. रक्तदाब बघून म्हणाला, "हा आजचा नाही. बऱ्याच वर्षांचा असणार. कधी तपासला नव्हता?"

"मशीन माझ्याच हाताला बांधायचे," गफूरभाई म्हणाले.

शाहीन रडत होती. "डॉक्टर, अम्मीचं जेवण पण अब्बांसारखंच. दोघांचं एकात शिजतं. मीठ घरात मोजून."

डॉक्टर म्हणाला, एकट्या मिठावर सगळं टाकता येत नाही, वय असतं, काळजी असते, घराणं असतं. पण मीठ कमी असेल तर इतका वाढायला नको.

गफूरभाई काठीच्या मुठीकडं बघत होते. मग म्हणाले, "गल्लीचं सगळं फराळ ही एकटी खायची. मला वास यायचा. मी झोपेचं सोंग घेऊन पडायचो आणि मनात शिव्या द्यायचो. मला वाटायचं, मला अळणी घालून ही मजेत खाती."

शाहीननं त्यांच्याकडं बघितलं. मी ती कशी खायची ते सांगितलं, जसं दिसलं तसं. पाणी पीत पीत. डोक्याला फडकं बांधून. गफूरभाई उठून खाटेच्या पायथ्याशी गेले आणि तिथं उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

ती जगली. उजवं अंग आणि वाचा गेली. दोघांना या घरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून शाहीन सांगलीला न्यायला आली. पुढं तिकडंच पावसाळ्यात भाभी गेली. गफूरभाई अजून आहेत. शाहीन मोजून मीठ घालते आणि ते मुकाट जेवतात, असं फोनवर सांगते. मी सांगलीला जाऊ शकले नाही, गुडघे चालत नाहीत. म्हणून मी तिला शेवटचं बघितलं ते गाडीत बसताना.

सगळी गल्ली बाहेर आली होती. कुणी गावाला निघालं की बांधून काहीतरी देतात, लाडू, चटणी, भाकऱ्या. त्या दिवशी कुणाच्याच हातात काही नव्हतं. कमळनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. भाभीला उचलून ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, पाय लांब करता यावेत म्हणून. गफूरभाईंना मागच्या सीटवर बसवलं. दार लागलं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

भाभीला मान मागं वळवता येत नव्हती. तिनं डाव्या हाताच्या पंजानं गाडीच्या दारावर थाप मारली. शाहीननं विचारलं, "पाणी पायजे? टोचतंय काय?" भाभी थापा मारत राहिली. डोळे मोठे झालेले, श्वास वर लागलेला. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. आम्ही पुढं सरकलो, काय हवंय ते कुणाला कळेना.

कळलं ते गफूरभाईंना. त्यांनी काठी बाजूला टाकली, पुढच्या सीटची पाठ धरली आणि अर्धं अंग ओढत पुढं वाकले. तोंड तिच्या खांद्यावरून पुढं काढलं, तिला दिसेल इतकं. भाभीनं त्यांचं तोंड नीट बघितलं, आधी डोळे, मग ओठाचे दोन्ही कोपरे. बराच वेळ बघितलं.

मग तिचा हात दारावरून खाली आला आणि गाडी निघाली.